मेलबोरनचा खेळ

रत्नागिरी आणि भाट्ये यांच्यामधल्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. माणसं तरीनं, म्हणजे उतारूंच्या होडीनं, ये-जा करत आणि ती तर महिपत भाटकर चालवी. त्याला सगळे महिपत तारी म्हणत. त्याला एकच मुलगा, खंडू. अंगानं काटकुळा, हातपाय मात्र असे लांब की सदरा शिवताना शिंपी कुरकुर करी. हे पोरगं वल्ह्याला लागेल, दोन-चार वर्षांत तर सांभाळील, एवढीच महिपतची अपेक्षा होती. आणि तसं झालंही असतं. पण १९२९ साली, खंडू तेरा वर्षांचा असताना, त्याचा मामा बोटीवरून घरी आला.

भिवा मामा आगबोटीवर खलाशी होता. वर्ष-दीड वर्ष दर्यावर, मग दोन-तीन महिने घरी. येताना बहिणीला साबण, मेहुण्याला चाकू असं काहीबाही आणायचा. त्या खेपेला त्यानं वळकटी सोडली, आतून एक लालसर चामड्याची वस्तू काढली आणि भाच्याच्या अंगावर टाकली. खंडूनं ती झेलली. असोल्या, न सोललेल्या नारळाएवढी, दोन्ही टोकांना निमुळती, पोटावर नाडीनं शिवलेली.

"हा काय मामा? पपई?"

"पपई तुझ्या कपाळात! चेंडू हाय तो. मेलबोरनचा."

"असा लांबुडका?"

"तिकडं असाच असतो," मामा म्हणाला, आणि पडवीत पाय पसरून बसला.

ती सगळी संध्याकाळ मामा बोलत होता. मेलबोरन हे ऑस्ट्रेलियातलं शहर. बोट तिथं धक्क्याला लागली की शनिवारी दुपारी सगळं गाव मैदानाकडं लोटतं. मैदान अंड्यासारखं, आणि इतकं मोठं की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येत नाही. एका बाजूला अठरा, दुसऱ्या बाजूला अठरा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं चेंडू मारला की सहा, कडेच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातानं फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा. घेऊन पळताना मधून मधून जमिनीवर आपटायचा. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कामगारानं मामाला आणि आणखी दोघा खलाशांना खेळ दाखवायला नेलं होतं. हा फुटका चेंडूही त्यानंच दिला. मामानं बोटीवर बसून त्याच्या आतल्या रबराला ठिगळ लावलं होतं.

"आणि लाथेनं मारलेला चेंडू कुणी वरच्या वर झेलला," मामा म्हणाला, "की सगळे थांबतात. त्याला कुणी हात लावायचा नाय. निवांत माघारी जायचं नि मारायचं. त्याला म्हणतात मार्क. आता तो झेलायला माणूस काय करतो? पुढं उभा असेल त्याच्या पाठीवर गुडघा टेकतो आणि त्याच्या खांद्यावर चढून जातो. वर. माणसाच्या डोक्याच्या वर! मी डोळ्यांनी बघितलंय. वर गेलेला माणूस तिथं घटकाभर थांबल्यासारखा दिसतो."

"आणि खालचा?" खंडूच्या आईनं विचारलं.

"खालचा पडतो. उठतो. पुन्यांदा पळतो."

मामा सुट्टी संपवून मुंबईला गेला. चेंडू राहिला.

भाट्याची पुळण लांबच लांब. ओहोटीला पाणी मागं सरलं की ओली वाळू घट्ट, सारवलेल्या अंगणासारखी होते. खंडूनं तिथं चार-चार बांबू रोवले. वाडीतली पोरं गोळा केली. अठरा कधीच जमली नाहीत, फार तर दहा-बारा. चेंडू आपटला की कुठल्या बाजूला उसळेल याचा नेम नसे, आणि पोरं त्याच्यामागं एकमेकांवर आदळत. खारं पाणी लागून चामडं कडक होऊ नये म्हणून खंडू रोज रात्री त्याला करंजेल चोळी. चेंडू वाळत असला की असोला नारळ घेऊन सराव करी. पायाची बोटं सुजत, पण त्याला रोजच शनिवार होता.

शाळा मधेच सुटली. मास्तरांनी नकाशावर मुंबई दाखवायला सांगितली तर त्यानं तळाच्या ऑस्ट्रेलियावर बोट ठेवलं, आणि छडी खाऊनही बोट हलवलं नाही, असं पोरं सांगत. पुढच्या खेपेला मामानं वर्तमानपत्राची घडी आणली. त्यात एक चित्र होतं. बिनबाह्यांचा सदरा घातलेला माणूस हवेत, दोन्ही हात वर, गुडघा दुसऱ्याच्या खांद्यावर. खंडूनं ते चित्र भाताच्या पेजेनं देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवलं. आई ओरडली. त्यानं चित्र काढलं नाही.

ती उडी खंडूला घेता येऊ लागली. कशी, ते त्याला सांगता आलं नसतं. लहानपणापासून माडावर चढायची सवय, होडीतून होडीत झेप घ्यायची सवय. धावत यायचं, डावा गुडघा उचलायचा, खालच्याच्या पाठीवर क्षणभर भार द्यायचा, आणि मग वर. वर गेल्यावर खाडी दिसे, पलीकडचा किल्ला दिसे, आणि समोर येणारा चेंडू मोठा मोठा होत हातात बसे. तो ओरडे, "मार्क!" खाडीपलीकडून आलेला एखादा उतारू विचारी, "हा मार्क कोण?" पोरं हसत.

पाठ द्यायचा बाबल्या. यमुनाबाईचा मुलगा. बाबल्या खंडूच्याच वयाचा, पण आडवा, बैलासारखा. यमुनाबाई विधवा. सुकी मासळी डोक्यावर घेऊन ती तरीनं बाजारात जाई आणि त्यावर दोघांचं चाले. बाकीची पोरं हळूहळू गळाली. कुणी मुंबईला गिरणीत गेलं, कुणी जाळ्यावर, कुणाला हुतूतूच बरा वाटला. बाबल्या राहिला. त्याला उडी जमत नव्हती, पण खंडूची उडी त्याला स्वतःचीच वाटे.

"माझ्याशिवाय तू कुणावर चढशील रे?" तो म्हणे. "दुसरा असेल तर मोडून पडेल."

१९३३च्या माघ महिन्यात, एका दुपारी, बऱ्याच दिवसांनी सात-आठ पोरं जमली होती. फणसोपचा एक मुलगा लाथ मारायला पटाईत होता. त्यानं चेंडू असा उंच मारला की सगळे माना वर करून बघत राहिले. बाबल्याही बघत होता. त्या दिवशी तो पाठ द्यायला उभा नव्हता. तो दुसऱ्या बाजूनं खेळत होता, आणि चेंडू आपणच झेलायचा म्हणून पाय रोवून, कंबर मागं टाकून, हात वर करून थांबला होता. खंडूला फक्त पाठ दिसली. तो धावला.

इतका वर तो कधीच गेला नव्हता. चेंडू त्यानं डोक्याच्याही वर, दोन्ही हातांच्या बोटांत धरला. खाली येताना त्याचे दोन्ही गुडघे बाबल्याच्या कमरेवर बसले, बाबल्या तोंडावर गेला आणि खंडू सगळ्या भारानिशी त्याच्यावर. खंडू लगेच उठला. "मार्क!" म्हणून ओरडला. चेंडू छातीशी धरून लाथ मारायला चार पावलं मागं गेला. मग त्याला जाणवलं, की दुसरं कुणीच ओरडत नाहीये.

बाबल्या वाळूत तोंड घालून होता. त्यानं मान वळवली, वाळू थुंकली आणि म्हणाला, "खंड्या, माझ्या पायांवरनं ऊठ."

त्याच्या पायांवर कुणी नव्हतं.

होडीच्या फळीवर घालून त्याला तरीवर नेला. महिपत वल्ही मारत होता. मधे बाबल्या, उशाशी यमुनाबाई, पायाशी खंडू. ओहोटीचं पाणी उथळ, होडी दोनदा वाळूला घासली आणि प्रत्येक धक्क्याला बाबल्या ओरडला. महिपत मुलाकडं बघत नव्हता. पलीकडं उतरल्यावर एवढंच म्हणाला, "फळी सपाट धर."

सरकारी दवाखान्यात महिनाभर ठेवलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं यमुनाबाईला खोलीबाहेर बोलावलं. खंडू खांबाआड उभा होता, त्यानं ऐकलं. पाठीच्या मणक्याचं हाड मोडलंय. कमरेखालचं अंग परत यायचं नाही. अंगाला जखमा होऊ देऊ नका, कूस बदलत राहा. यमुनाबाईनं विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाला, "कायमचं." ती म्हणाली, "तसं नाय. जगेल किती?" डॉक्टर परत खोलीत गेला.

त्या रात्री महिपतनं कोयत्यानं चेंडू उभा चिरला आणि खाडीत फेकला. भिंतीवरचं चित्र आईनं खरवडून काढलं. खंडू बघत राहिला.

बाबल्याला घरी आणल्यावर पहिले काही दिवस खंडू यमुनाबाईच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, दगडी गडग्यापर्यंत जाई आणि तिथूनच परत फिरे. पाचव्या की सहाव्या दिवशी ती बाहेर आली. रडून डोळे आत गेले होते. खंडूला वाटलं, आता ही आपल्याला शिव्या घालील, आणि त्याला ते हवंही होतं.

"येत जा," ती म्हणाली. "मला एकटीला तो उचलत नाय."

एवढंच. तेव्हापासून खंडू सकाळ-संध्याकाळ जाऊ लागला. कूस बदलायची, पुसायचं, चादर बदलायची, पाठीला तेल लावायचं. ती बाजारात गेली की दिवसभर बसायचं. अंगाखालून हात घालून बाबल्याला उचलताना त्याचे पाय कसे ओल्या जाळ्यासारखे लोंबत, ते खंडू रोज बघे.

खेळाची आवड त्याच वेळी मेली असती तर सोपं होतं. मेली नाही, हीच त्याची खरी शरम. वाऱ्यानं माडावरून नारळ पडला की त्याचे हात आपोआप वर जात. झोपेत तो धावे, गुडघा उचली, आणि वर गेल्यावर त्याला आनंद होई. जागा झाला की उशीत तोंड खुपसून पडे. हे तो कुणाला सांगणार?

आणि बाबल्याला तर खेळाशिवाय दुसरं बोलणंच नको होतं. एकदा, पाठीला तेल लावून घेताना तो म्हणाला, "मला ती उडी दिसली नाय रे. मी खाली होतो. कशी होती?"

खंडूचा हात थांबला.

"बोल की. पोरं सांगतात, डोक्याच्या वर गेला होतास."

"ठीक होती."

"ठीक?" बाबल्या खवळला. "मेल्या, माझी कंबर गेली तिच्यापायी, आणि तू म्हणतोस ठीक होती?"

खंडू उठून खळ्यात गेला आणि रडला. परत आला तेव्हा बाबल्या शांत झाला होता.

"माझं एक काम कर," तो म्हणाला. "मामाबरोबर जा. खरा खेळ बघून ये. मामाला बघायची अक्कल नाय, त्याला सगळं सारखंच दिसतं. तू बघ नि मला नीट सांग. कोण कुठं उभा राहतो, कसा धावतो, सगळं. मला इथं छपराचे वासे मोजायचा कंटाळा आला."

"तुझी कूस कोण बदलील?"

हा प्रश्न आठवडाभर तसाच राहिला. मग एका संध्याकाळी महिपत स्वतःहून यमुनाबाईच्या पडवीत येऊन उभा राहिला, डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि म्हणाला, "पोराला जाऊ द्या. मी येत जाईन. सकाळी तर सुरू करायच्या आधी एकदा, संध्याकाळी लावल्यावर एकदा." यमुनाबाईनं मान हलवली. त्या दोन घरांत वर्षभरात झालेलं हे सर्वांत मोठं बोलणं.

१९३४च्या पावसाळ्यानंतर खंडू मुंबईला गेला. मामाच्या ओळखीचा सारंग, खलाशांचा म्होरक्या, जैतापूरकडचा होता. त्यानं पोराचे लांब हात बघितले, दोरावर चढायला सांगितलं, आणि घेतला. बोटीवर कामाला तोटा नव्हता. डेक घासा, रंग द्या, दोर गुंडाळा. पहिला महिना ओकण्यात गेला. कोलंबो मागं पडलं की पंधरा-पंधरा दिवस नुसतं पाणी. खंडू मनात घोकत होता: बाबल्याला काय काय सांगायचं.

डिसेंबरात ते मेलबोरनला पोचले. तिथं तेव्हा उन्हाळा. मामा त्याला मैदानावर घेऊन गेला तर तिथं पांढऱ्या कपड्यांतली माणसं क्रिकेट खेळत होती. खांब काढून ठेवलेले.

"अरे, हो की," मामा कपाळाला हात लावून म्हणाला. "तो खेळ थंडीतला. मी इसरलो."

खंडूनं कुंपणाला हात लावला, आणि दोघं परत फिरले.

दुसऱ्या खेपेला, १९३५च्या जून अखेरीस, बोट शुक्रवारी धक्क्याला लागली. शनिवारी दुपारी सारंगानं सुट्टी दिली ती उशिरा. मामा-भाचे अर्धं अंतर पळत गेले. थंडी अशी की कानाच्या पाळ्या दुखत होत्या. अंगात बोटीवरची लोकरी बंडी, पायांत मामाचे जुने बूट. मैदानाच्या भिंतीबाहेरून आवाज येत होता, भरतीच्या लाटेसारखा चढत जाणारा. चार डावांपैकी शेवटच्याला फाटक सगळ्यांना मोकळं करतात, हे मामाला ठाऊक होतं. ते आत शिरले, आणि गर्दीत कुणीतरी काळ्या खलाशांकडं बघून बाजूला झालं म्हणून त्यांना कुंपणाशी जागा मिळाली.

समोर चिखल होता, आणि त्यात छत्तीस माणसं धावत होती. सगळं मामानं सांगितलेलं तसंच. चार खांब. पांढऱ्या डगल्यातला माणूस बोटं उंचावून खूण करणारा. खंडूच्या छातीत असं काही भरून आलं की त्यानं मामाचा दंड धरला. चार वर्षं त्यानं जे न बघता खेळलं, ते हे होतं.

मग एकानं लांबून लाथ मारली. चेंडू वर गेला. खांबांसमोर तिघं-चौघं एकत्र आले, त्यांतला एक मागून धावत आला, गुडघा उचलला, पुढच्याच्या पाठीवर टेकला, आणि वर गेला. लोक ओरडले. मामा ओरडला. खंडूला वर गेलेला माणूस दिसलाच नाही. तो खालच्याकडं बघत होता. खालचा चिखलात पडला. पालथा. एक, दोन, तीन. तो हातांवर उठला, तोंडावरचा चिखल पुसला आणि धावला.

पुन्हा तसंच झालं. पुन्हा खंडू खालच्याकडं बघत राहिला. उठला. तिसऱ्यांदा. उठला. चौथ्यांदा एक लालकेश्या पोरगा पडला, सतरा-अठराचा असेल, आणि लवकर उठेना. पाणी घेऊन दोघं धावले. मैदान गप्प झालं. खंडूनं कुंपणाच्या लाकडात नखं रुतवली. पोरगा बसला, उभा राहिला, एक पाय झटकला, दुसरा पाय झटकला. हजारो माणसांनी टाळ्या वाजवल्या.

खंडू वळला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर निघून गेला.

मामाला तो रस्त्यापलीकडं, एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडला.

"अरे, संपला नाय अजून! दोन-चार गुणांचा फरक हाय!"

"मला बरं नाय वाटत."

"त्या बाबल्यासाठी आलास ना एवढा? बघून सांगणार काय त्याला?"

खंडू उठून धक्क्याकडं चालू लागला. बोटीवर गेल्यावर दोन दिवस तो जेवला नाही. तिथं सगळे पडतात आणि सगळे उठतात. एवढी वर्षं, एवढी माणसं, दर शनिवारी. भाट्याच्या पुळणीवर एकच पडला. मग ती उडी त्याला येतच नव्हती. त्याला फक्त वर जाता येत होतं. खालच्याला सांभाळून कसं जायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

कार्तिकात तो घरी आला. बाबल्या निम्मा झाला होता. कमरेवर दोन जखमा, मुठीएवढ्या. डोळे तेवढे मोठे. खंडूला बघताच त्यानं आईला सांगून उशाला दुसरं उसं लावून घेतलं, गोष्ट ऐकायला बसतात तसं.

"हं. सांग."

वाटेत खंडूनं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. ते डोळे समोर आल्यावर त्याला एकच गोष्ट सांगण्यासारखी दिसली, आणि तीच सांगण्यासारखी नव्हती.

"गेलो होतो," तो म्हणाला. "पण पाऊस लागला. खेळ झाला नाय."

"पाऊस लागला म्हणून?" बाबल्या म्हणाला. "आपण नाय पावसात खेळायचो?"

"तिकडली माणसं येगळी."

बाबल्यानं नजर वर वाशांकडं नेली. मग म्हणाला, "बरं." आणि आईला जादा उसं काढायला सांगितलं.

त्यानंतर त्यानं खेळाचं नाव काढलं नाही. खंडूला हायसं वाटलं. भिवा मामा अधूनमधून येऊन बसे, कधी कधी एकटाच. तीन महिने खंडूनं मन लावून सेवा केली, जखमा धुतल्या, पाला वाटून लावला. एक जखम भरतही आली. माघात सारंगाचं बोलावणं आलं आणि तो बोटीवर गेला. निघताना बाबल्या म्हणाला, "जपून जा." इतकंच.

१९३६ साली बोटीला बरेच महिने लागले. खंडू मुंबईला उतरला तेव्हा आश्विन लागला होता, पावसाळ्यात बंद असलेल्या कोकणच्या आगबोटी नुकत्याच सुटल्या होत्या. तो रत्नागिरीला उतरून खाडीवर आला. महिपतनं तर काठाला लावली, मुलाला बघितलं आणि वल्हं खाली ठेवलं.

"आषाढात गेला," तो म्हणाला. "ताप चढला, तो उतरलाच नाय. तुला पत्र टाकलं होतं मुंबईच्या पत्त्यावर."

यमुनाबाईच्या घराला कडी होती. ती राजापूरला, भावाकडं गेली होती. खंडू दोन दिवस घरी राहिला, तिसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं राजापूरला गेला. कशासाठी, हे त्याला स्वतःलाही धड ठाऊक नव्हतं.

यमुनाबाई भावाच्या पडवीत कुळीथ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं, त्याला ओळखलं, आणि पाट सरकवला.

"बस. चा टाकते."

"नको, काकी."

ती परत पाखडू लागली. खाली बघतच म्हणाली, "तू त्याला खेळाचं का नाय सांगितलंस?"

खंडू म्हणाला, "पाऊस..."

"भिवा आला होता एकदा. तू बाजारात गेला होतास. तो बोलून गेला. खेळ बघितला, अर्ध्यात उठला, दोन दिवस जेवला नाय, म्हणाला. बाबल्या काय बोलला नाय. भिवा गेल्यावर मला म्हणाला, आये, त्याला इचारू नको. तो आपणहून सांगेल." तिनं सूप आपटलं. "वाट बघायचा. तू आलास की गप व्हायचा, म्हणजे तुला बोलायला सुचेल. तू गेल्यावर पण म्हणायचा, पुढल्या खेपेला सांगेल. तापात शेवटी तेच. खंड्यानं बघितला आणि मला नाय सांगत, मी काय केलं त्याचं?"

"काकी, मला वाटलं त्याला वाईट वाटेल..."

"वाईट?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तीन वर्षं तो त्या खाटेवर होता. त्याला आणि काय वाईट वाटायचं राहिलं होतं?"

आतून तिची भावजय डोकावली आणि परत गेली. खंडूनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तुम्हाला सांगू?" तो म्हणाला. "सगळं सांगतो. जसं बघितलं तसं."

तिनं मान हलवली. "मला काय करायचंय ते? मला कुठं कळतो तुमचा खेळ." आणि कुळीथ सुपातून डब्यात ओतून ती आत गेली. बराच वेळ झाला तरी बाहेर आली नाही.

मोटार संध्याकाळची होती. खंडू अर्जुना नदीच्या काठी जाऊन बसला. पलीकडं बायका कपडे धूत होत्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो हलक्या आवाजात बोलू लागला. "बाबल्या, मैदान अंड्यासारखं होतं. चिखल होता." मग तो थांबला. पहिली लाथ कुणी मारली? खांबांजवळ कोण कुठं उभा होता? वर गेलेल्यानं चेंडू कसा धरला, बोटांत की छातीशी? त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. बाबल्याला हवं होतं त्यातलं त्यानं काहीच बघितलेलं नव्हतं. त्याला दिसत होती ती चिखलात पालथी पडलेली माणसं, आणि ती उठत होती.

मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा तो उठला. त्या वेळी त्याचं एकविसावं वर्ष संपायचं होतं.